पोरींना मैदानावर आणणारे अत्तार गुरुजी

वरवंडच्या मंडळींनो, आयाबायांनो,

गुरुजींच्या हाताखाली शिकलेली मी बोलायला उभी राहिलेय. आपले अत्तार गुरुजी गेले. शाळेमागच्या या मैदानातच आपण जमलोय, आणि इथंच त्यांनी आम्हाला पळायला शिकवलं.

शाळा सुटली की गुरुजी घरी जात नसत. पोरांना थांबवून घ्यायचे. लेझीम, लंगडी, खो-खो. एक दिवस म्हणाले, "उद्यापासून पोरींनीही थांबायचं." गावात कुजबुज सुरू झाली. पोरी पळणार? चारचौघांत?

तरी आम्ही पोरी थांबू लागलो, आणि त्यातच मी पडले. खो-खोच्या खांबाला वळसा घालताना पाय घसरला, हात मोडला. गुरुजींनी बैलगाडी जुंपायला लावली, मला दौंडला नेलं, हाड बसवून आणलं. परतलो, तर चावडीपुढं गाव गोळा झालेलं. पुढं आमचे आबा, माझे वडील. हातात काठी.

"मास्तर, पोरगी अधू झाली तर तिला करून कोण घेनार? ह्ये खेळ बंद करा. न्हाईतर गाव सोडा."

मागून कुणी ओरडलं, "सोताची पोरगी घरात ठिवतो, आन् आमच्या पळवतो!"

खोटं होतं ते. त्यांची जुबेदा रोज माझ्या शेजारी खेळायची.

गुरुजी भ्यायले नसतील? भ्यायले होते. पण मागं सरले नाहीत. म्हणाले, "आबा, मला काय बोलायचं ते बोला. पण खेळायचं की नाही, ते पोरीला विचारा."

पोरीला? आम्हाला कधी कुणी काही विचारलं होतं का?

आबांनी माझ्याकडं पाहिलं. "बोल."

"आबा, हात बरा झाला की मी खेळणार."

काठी वर गेली. मी डोळे मिटले. उघडले, तर काठी आईनं धरलेली. चार माणसांत कधी तोंड न उघडलेली माझी आई म्हणाली, "इचारलंत, तिनं सांगितलं. आता घरी चला."

दुसऱ्या दिवशी मैदानावर एकही पोरगी आली नाही. फक्त जुबेदा. बापलेक दोघंच पळत राहिले, सगळं गाव बघत असताना. रोज पळाले. मग एकेक पोरगी येऊ लागली. हात बरा झाल्यावर मीही. आबा कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत, पण अडवलंही नाही.

आज मी केंदूरच्या शाळेत शिकवते. शाळा सुटली की पोरींना थांबवून घेते. तिथंही बाप रागानं येतात. मलाही भीती वाटते. तरी थांबवून घेते.

जुबेदा, मागं बसू नकोस, पुढं ये.

मंडळी, आमचे आबा मघापासून उभे आहेत. बसा म्हटलं, बसले नाहीत. आता आपणही उठू या. थोडा वेळ कुणीच काही बोलू नका.

गुरुजी, सलाम.