हेमाबाईंच्या नावापुढचा शेरा

नाही राजाभाऊ, तुमचं म्हणणं मला आजही पटलेलं नाही. ‘बाईंच्या हलगर्जीने पाच लॅपटॉप नादुरुस्त’ असं तुम्ही शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीत, त्या डेडस्टॉक रजिस्टरात, लिहिलंत, तेव्हापासून आपलं वाजतंय. पण आधी रीत पाळतो. समारंभाचे अध्यक्ष, शाळा समितीचे प्रमुख आदरणीय राजाभाऊ, सावर्ड्याहून आलेले पाहुणे, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या हेमाबाई आणि समोर बसलेली सगळी वाडी, नमस्कार. मला बंगळुरूहून यायला रजा मिळाली नाही, म्हणून माझं हे भाषण बहीण दर्शना वाचते आहे. शब्द लागले तर राग माझ्यावर काढा, तिच्यावर नको.

मी नववी नापास. माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला तो बाईंनी. आज त्याच्यावर पोट भरतंय.

बाईंचं चुकलं काय? लाइट गेली की त्या ओरडायच्या, “पोरांनो, झाकणं लावा, बॅटरी वाचवा!” आणि आपल्याकडे लाइट किती वेळा जाते, ते मी सांगायला हवं? झाकण लावलं की लॅपटॉप झोपायला हवा. हे झोपायचेच नाहीत. पडदा काळा, आत पंखा घरघरतोय, शेवटी बटण दाबून धरून बंद करायचे. राजाभाऊ वर्गात येऊन म्हणाले, “बाई, झाकण लावताय की फणस आपटताय?” पोरं हसली. मीपण हसलो, हे आज कबूल करतो. लॅपटॉप कपाटात गेले, कॉम्प्युटरचा तास बंद झाला.

गेल्या गणपतीत गावी आलो तेव्हा ते काढून बसलो. दोन दिवस नुसतं झाकण लाव, उघड. मग सापडलं. वायफाय चालवणारा छोटा प्रोग्राम असतो, ड्रायव्हर म्हणतात. झोपायच्या आधी तो दुसऱ्या एका कामाच्या उत्तराची वाट बघत बसायचा, आणि ते काम आधीच झोपलेलं. उत्तर येणार कुठून? तो ड्रायव्हर काढून चाळीस वेळा झाकण लावलं, एकदाही अडकलं नाही. मी बंगळुरूत ज्या दुरुस्तीच्या दुकानात काम करतो, तिथल्या शुभंकरने ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना इंग्रजीत कळवलं. त्यांनी चूक मानली, दुरुस्ती पाठवली. परक्या माणसांनी मानली, राजाभाऊ!

बाईंना फोन केला, तर म्हणतात, “असू दे रे बाबल्या, जाताना रजिस्टरात खाडाखोड कशाला?”

बाई, तुमचं सगळं ऐकलं, हे नाही ऐकणार. राजाभाऊ, तुम्ही शाळेची वस्तू जपणारे. खरं कारण तेव्हा तुम्हालाही कोणी सांगितलं नव्हतं. रजिस्टर दर्शनाने तुमच्यापुढे ठेवलंय. बाई घरी जायच्या आत, सगळ्यांदेखत तो शेरा कापा आणि खाली सही करा.

एवढं ऐकून घेतलंत, उपकार झाले. जास्त बोललो असेन तर घरचा पोर म्हणून पोटात घाला. चार लॅपटॉप चालू झालेत. पाचव्याची डिस्क गेली आहे. तिच्यावरून कोणी नवा शेरा लिहू नये म्हणून दर्शनाकडे पाठवतोय, नव्या डिस्कचे रुपये दोन हजार तीनशे.