बाबांनी निवडलेला बेंच

माझ्या जिमचे बेंच कोणी निवडले माहितीये? बाबांनी. जन्मभर मासेमारी केलेला माणूस. होडी विकल्यापासून त्यांना धड झोप लागत नव्हती, म्हणून म्हटलं, चला माझ्याबरोबर पनवेलला बेंच घ्यायला, तेवढाच बदल.

दुकानात मी बेंच हलवून, वेल्डिंग तपासून बघत होतो. बाबा म्हणाले, "असं काय बगतोस? आडवं पडून बग." आणि स्वतःच एका बेंचवर पसरले. दोन्हीकडे पाय टेकलेले, हात छातीवर. बघता बघता घोरायला लागले.

दुकानदार हळूच म्हणाला, "काकांना उठवू का?"

"राहू दे," मी म्हटलं.

वर पंखा फिरत होता. बाबांचं पोट सावकाश वरखाली होत होतं, खाली भरतीचं पाणी असल्यासारखं. मी आणि दुकानदार तासभर स्टुलांवर बसून राहिलो.

जागे झाल्यावर म्हणाले, "होडीतली फळी एवढीच रुंद व्हती. हाच घे."

तसलेच सहा घेतले. कामोठ्यात जिम मस्त चाललीये. फक्त दुपारी दोन ते चार कोपऱ्यातला बेंच कोणाला मिळत नाही, आणि वजनं आवाज न करता खाली ठेवायची.