दोन पदव्या आणि एक साखरपुडा

तुम्हाला सांगते, आमच्या ह्यांनी लग्नाआधी मला नुसतं पिडलं. साखरपुडा झाला तेव्हा हे पुण्यात बी.कॉम. करत होते. पास झाले, तर म्हणे एम.कॉम. झाल्यावर लग्न. तेही झालं. नंदुरबारच्या एका बँकेनं नोकरी देऊ केली, आणि हे कळसाडीला आमच्या घरी येऊन माझ्या वडिलांना म्हणतात, "मामा, आता वकिलीही करून घेतो. बँकेत वर चढायला कॉमर्स आणि कायदा दोन्ही लागतात."

माझं डोकंच फिरलं. चहाचा कप ह्यांच्यासमोर आदळला आणि आमच्या अहिराणीतच विचारलं, "हाई तुम्ले कोनी सांगं?"

"आमच्या प्राध्यापकांनी."

"त्यास्नी कधी बँकमा काम करेल शे का?"

"नाही."

"मंग त्यास्ले काय मालूम? नोकरी दारमा उभी शे, मी बी उभी शे. तुम्ले वकिली करनी व्हई ते करा, पन मी आते थांबाव नही!"

बोलून तर गेले. मोडली सोयरीक, असंच वाटलं. पण हे वडिलांकडे वळून म्हणाले, "मामा, तारीख काढा. वकील तर घरातच येतेय."