उकळत्या पाण्यातला नऊ नंबर

सन्माननीय अध्यक्षबाई गेशा ओल्टमन्स, शेजारच्या खुर्चीवर बसून मघापासून घड्याळ बघणारे आपले महापौर, ज्यांच्यासाठी आज ही सगळी फुलं आणली ते आपल्या वेस्टरडाइक क्रीडा मंडळाचे भूषण टाम्मो ब्रुन्स, त्यांच्या मातोश्री, आणि गाईंच्या धारा उरकून, रविवारची सकाळ मोडून इथं आलेल्या माझ्या गावकऱ्यांनो, मोइन, नमस्कार!

मला पाच मिनिटं दिली आहेत. गेशाबाई काल दुकानात येऊन बजावून गेल्या, "हाबो, चांगलं बोल. त्याच्यासोबत खेळलेला तूच एक उरलायस, बाकीचे एक तर वर गेले नाहीतर हॅम्बुर्गला." आता चांगलं बोलायचं म्हणजे काय, हे त्यांनी सांगितलं नाही. म्हणून मी खरं बोलायचं ठरवलंय. चांगलं निघालं तर तुमचं नशीब.

कार्यक्रमपत्रिकेत शेवटी लिहिलंय ते तुम्ही वाचलं असेलच. ज्या सामन्यात मोठ्या क्लबनं टाम्मोला हेरलं, त्यातला त्याचा दहा नंबरचा शर्ट काचेच्या चौकटीत घालून त्या तिथं, बिअरच्या काउंटरवर, टांगायचा. आणि यापुढे आपल्या मंडळात दहा नंबर कुणालाच द्यायचा नाही. खिळाही ठोकून झालाय. तो शर्ट तिथं चढण्याआधी मला काही सांगायचंय. नाही सांगितलं तर उरलेलं आयुष्य त्या चौकटीखाली बसून मला बिअर घशाखाली उतरायची नाही.

मंडळी, मी या माणसावर सदतीस वर्षं जळतोय.

हसू नका. आन्तये, तू तर मुळीच हसू नकोस. माझ्या बायकोला सगळं पाठ आहे. टाम्मो व्यावसायिक फुटबॉल सोळा वर्षं खेळला. तीनशे बारा सामने, एकेचाळीस गोल, बहुतेक सगळे दुसऱ्या श्रेणीत, एक हंगाम पहिल्या श्रेणीत. हे आकडे त्याला स्वतःला तरी माहीत आहेत का, विचारा. मला आहेत, कारण प्रत्येक सोमवारचं कात्रण माझ्याकडे आहे. आन्तये म्हणायची, "अहो, इतकी कात्रणं त्याच्या आईनंही ठेवली नसतील." प्रेमानं ठेवत होतो असं वाटतंय तुम्हाला? ज्या सोमवारी लिहिलेलं असायचं, 'ब्रुन्सनं रिकाम्या गोलसमोर चेंडू बाहेर मारला', ते कात्रण मी दोनदा वाचायचो. आपल्याकडे तीन कप चहावर थांबायची रीत, पण त्याच्या गुडघ्याचं पहिलं ऑपरेशन झालं त्या दिवशी मी चौथा घेतला. सांगायला लाज वाटते, पण तो चहा गोड लागला. आणि माझ्या मुलीनं, माझ्या पोटच्या मुलीनं, खोलीत याचं भलंमोठं चित्र लावलं, तेव्हा खिळा ठोकायला हातोडी घेऊन कोण चढलं? मीच! "पप्पा, जरा सरळ लावा ना," म्हणे. आता याचं तोंड सरळ करायचं कामही माझ्याकडेच.

पण हे जळणं सुरू कुठून झालं, ते ऐका.

सत्त्याऐंशी सालचा नोव्हेंबर. आम्ही दोघं अठराचे. टाम्मो नऊ नंबर, मी दहा. हा ताडमाड, मी असा, आहे तेवढाच. चेंडू मी द्यायचो, जाळ्यात हा घालायचा, आणि कौतुक कुणाचं? जाळ्यात घालणाऱ्याचं. त्या हंगामात याचे अकरा गोल झाले होते. त्यातले नऊ माझ्या डाव्या पायावरून गेले होते. पण बेकरीत गेलं की याला पाव फुकट, आणि मला विचारायचे, "टाम्मो कसा आहे रे?"

आमचे प्रशिक्षक विआर्ट हाइकन, देव त्यांना शांती देवो, गुरुवारी सराव संपल्यावर म्हणाले, "पोरांनो, रविवारी नोर्डरफेनविरुद्ध सामना आहे. मोठ्या क्लबचा एक माणूस बघायला येणार आहे. कुणाला बघायला, ते विचारायचं नाही. नेहमीसारखं खेळायचं." विचारायचं कशाला? सगळ्यांनी माना वळवून टाम्मोकडे पाहिलं. मीही पाहिलं. आणि माझं जळणं सुरू झालं ते तिथून.

आता आपल्याकडची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. शर्टांची पिशवी दर आठवड्याला एकाच्या घरी धुवायला जाते. आजही जाते, आणि आजही कुणीतरी मोजे हरवतंच. त्या आठवड्यात पाळी माझी होती. आई मावशीकडे गेलेली. घरात मी, धुलाईयंत्र आणि पिशवीत बारा सुती शर्ट. अकरा शर्ट मी शहाण्यासारखे कोमट पाण्यात धुतले. मग नऊ नंबर एकटा आत टाकला आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं. पंच्याण्णव अंश! लोक चादरी उकळतात ना, ते.

शर्ट बाहेर आला तेव्हा तो बाहुलीला झाला असता.

माझा हिशेब साधा होता. आलेला माणूस नऊ नंबर बघणार. तो आखूड नऊ नंबर साऱ्या संघात एकाच अंगात शिरणार, माझ्या. रविवारी कपडे बदलायच्या खोलीत मी असा काही चेहरा केला म्हणून सांगू! "टाम्मो, घात झाला रे, यंत्र बिघडलं. तू असं कर, माझा दहा घाल. मी कसाबसा हा घालतो." आणि या माणसानं माझ्या खांद्यावर हात ठेवून काय म्हणावं? "हाबो, तुझ्यासारखा मित्र मिळायला नशीब लागतं." टाम्मो, लेका, ते वाक्य मला किती टोचलं असेल याची तुला कल्पना नाही.

विआर्टमास्तर असते तर त्यांनी तिथंच माझा कान पिळला असता. पण शनिवारी कोबी-सॉसेजच्या जेवणाआधी समुद्राच्या बांधावरच्या रस्त्यावर गोळाफेक खेळायला गेले, चौथ्या पेल्यानंतर गोळा सोडायच्या ऐवजी स्वतःच घरंगळत गेले, आणि मांडीचं हाड मोडून इस्पितळात पडले. मैदानावर आम्हाला विचारणारं कुणी नव्हतं.

मग खेळ काय झाला? मी नऊ नंबर घालून, बेंबी उघडी टाकून, जिथून मिळेल तिथून गोलवर मारत सुटलो. हात वर केला की शर्ट छातीपर्यंत जायचा. नोर्डरफेनची माणसं ओरडत होती, "अरे, धाकट्या भावाला शर्ट परत दे!" कठड्याला टेकून, थर्मास घेऊन तो माणूस उभा होता. एकदाही, मंडळी, एकदाही त्यानं माझ्याकडे मान वळवली नाही. टाम्मोनं तीन गोल केले. आम्ही चार-शून्यनं जिंकलो, आणि जानेवारीत टाम्मो त्या मोठ्या क्लबात गेला.

मी धुलाईयंत्रं दुरुस्त करायला शिकलो. आज निम्म्या गावाची यंत्रं माझ्याच हातून जातात, आणि सुती कपडे किती अंशावर धुवावेत याचा सल्ला मी फुकट देतो. आता कळलं का फुकट का ते?

सहा आठवड्यांनी विआर्टमास्तर कुबड्यांवर परत आले. मला एवढंच म्हणाले, "तू नऊ कशाला घातलास रे?" मला वाटलं, शर्ट बिघडवला म्हणून रागावलेत. मी म्हटलं, "चुकून उकळला." त्यांनी कुबड्या उचलल्या आणि विषय सोडला. पुन्हा कधी काढला नाही.

आता गेल्या महिन्यातली गोष्ट. आजच्या कार्यक्रमासाठी जुने फोटो लावायचे म्हणून मास्तरांच्या पत्नी फ्राउकेबाईंनी बुटांचं एक खोकं माझ्याकडे पाठवलं. त्यात फोटोंच्या तळाशी, मोठ्या क्लबच्या त्या माणसानं मास्तरांना लिहिलेलं हे पत्र होतं. वाचतो. चष्मा... हां.

"हाइकनसाहेब, आमच्या ओळखीच्या एका पंचानं तुमच्या दहा नंबरच्या खेळाडूची, डिर्क्सची, फार तारीफ केली आहे. असा डावा पाय या भागात नाही, म्हणतो. रविवारी येतो. कृपया त्याला सांगू नका, बुजेल."

दहा नंबर. डिर्क्स. या गावात त्या वेळी चेंडू खेळणारा डिर्क्स एकच होता आणि तो आत्ता तुमच्यासमोर माईक धरून उभा आहे.

दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. माझं दैव थर्मास घेऊन दारात आलं होतं, आणि मी माझाच शर्ट काढून याच्या अंगात घातला. वर स्वतःच्या हातांनी कॉलर सरळ करून दिली! यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना? पत्र वाचून मी दुकान बंद केलं ते दोन दिवस उघडलं नाही. इतकी वर्षं मी याच्या नशिबावर जळलो, आणि ते नशीब मीच धुऊन, वाळवून, घडी घालून दिलेलं निघालं. मग आता मी जळायचं कुणावर, सांगा ना?

म्हणून गेशाबाई, तो शर्ट चढवण्याआधी एवढं ऐका. ज्या दहा नंबरची तुम्ही पूजा करणार आहात तो... काय? टाम्मो, काय म्हणालास? उठ, उठ, इकडे ये. माईक घे. नको? बरं, मला सांग, मी सांगतो.

मंडळी, मागं ऐकू आलं नसेल. टाम्मो म्हणतोय, त्याला ठाऊक होतं.

थांबा, थांबा, शांत राहा. तो म्हणतोय, सामन्यानंतर तो माणूस त्याला गाडीजवळ भेटला आणि म्हणाला, "शाब्बास, डिर्क्स." आणि टाम्मो गप्प राहिला. त्या माणसानं डायरी काढली, चाचणीची तारीख लिहिली, डायरी मिटली, तोवर हा गप्प. मग म्हणाला, "माझं नाव ब्रुन्स." माणूस म्हणाला, "असेना. मी पाहायचं ते पाहिलं." आणि... पुन्हा बोल. म्हणतोय, "तू दिलेले पास बघून मला रोज वाटायचं, हाबो गेला तर माझे गोल संपले. मीही जळत होतो, हाबो. म्हणून सोळा वर्षांत कुठल्याच क्लबात मी दहा नंबर घेतला नाही. दोनदा देत होते, तरी घेतला नाही."

हे मला माहीत होतं, बरं का. दहा कधीच नाही, कात्रणांत मी पाहिलं होतं. मला वाटायचं, याला कुणी देत नसणार. आणि बरं वाटायचं.

बघा. आत्ता तुम्ही टाळ्या वाजवल्यात. उभं राहून वाजवल्यात. कुणाला? त्याला! कबुली आधी मी दिली, वीस मिनिटं घसा मी फोडला, आणि टाळ्या दोन वाक्यांत हाच घेऊन गेला. चेंडू मी द्यायचा आणि गोल यानं करायचा. काही बदललं नाही. टाम्मो, मी अजून जळतोय. पण ये, आधी मिठी मार. हळू, गुडघा सांभाळ.

तर अध्यक्षबाई, आमच्या दोघांची एक विनंती. खिळा राहू द्या, त्यावर त्या दिवशीचा आखूड नऊ नंबर टांगा. तो माझ्या माळ्यावर आहे, मी टाकला नाही. आणि दहा नंबर काचेत कोंडू नका. जो रविवारी चांगला पास देईल त्याला घालू द्या.

आपण सर्वांनी इतका वेळ माझं ऐकून घेतलंत, पाच मिनिटांची वीस केली तरी कुणी माईक बंद केला नाही, त्याबद्दल मंडळाचा आणि फ्राउकेबाईंच्या खोक्याचा मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाला लागेल असं काही निसटलं असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला, आणि सदतीस वर्षांपूर्वीचंही त्यातच जमा करा.

आणि हो, या आठवड्यात शर्टांची पिशवी कुणाच्या घरी जायची ते अजून ठरलेलं नाही. टाम्मो म्हणतोय, माझ्याकडे द्या. देऊ नका. दहा नंबर मी धुणार आहे, कोमट पाण्यात, हातानं.