सत्ताविसाव्या पानावरची रूपाली

—न्हाई, न्हाई, बसा तसेच. पडदा सोडलाय मी, रस्त्यावरून कुणाला दिसत न्हाई. लुंगी धुतलेली हाये, माझीच हाये. आता एवढ्या मोठ्या क्लासचे सर, गाडीतून उतरताना प्यांट टरकन् उसवली म्हणल्यावर कुणाच्या तरी लुंगीत बसावंच लागंल ना? साडेअकराला फीत कापायचीय — माहीत हाये मला, समोर मेडिकलच्या माडीवर तुमच्या नव्या शाखेसाठी सकाळपासून फुगे बांधून राह्यलेत, स्पीकरवर 'हॅलो, हॅलो, चेक' चाललंय, कान किटले. आत्ता अकरा वाजताहेत. आसनाची शिवण म्हंजे पाच मिंटांचं काम. पण मी जल्दी करीत न्हाई. तीस वर्षं झाली या वाटूर फाट्यावर, कुणाचंच काम कधी जल्दी केलं न्हाई, आन् तुमचं तर बिलकुल करणार न्हाई.

का म्हंजे? बघा की माझ्याकडं नीट. केस गेले, चष्मा आला, पण नाक तर तेच हाये. आठवंना? बारावीला होतात इथं, मामाकडं राह्यचात. गणवेशाचे दोन जोड मीच शिवले तुमचे — डावा खांदा खाली उतरता हाये तुमचा, मला अजून ध्यानात हाये. संध्याकाळचे इंग्रजी शिकायला त्या फळीवर येऊन बसायचात, आता तिथं अस्तराचे गठ्ठे ठेवलेत बघा, तिथं. हां — आलं ध्यानात. चेहराच सांगून राह्यला. राजानंद टेलर. काका म्हणायचात मला. आता नका म्हणू.

उठू नका. उठून जाणार कुठं, लुंगीवर फीत कापणार? प्यांट माझ्या हातात हाये. बसा.

हे बघा. ओळखता का हे पुस्तक? विकत आणून मशीनच्या खणात ठेवलंय चार दिवसांपासून. तुम्ही येणार हे बॅनरवर वाचलं होतं, म्हणलं आपणच जावं समोर, चार लोकांत उभं राहून विचारावं — तर तुम्ही आपल्या पायानं आलात. वर तुमचाच फोटो हाये, हाताची घडी घालून. कोट खांद्यात बसंना, कुणी शिवला? खाली लिहिलंय — रोजच्या बोलण्यातलं इंग्रजी, लेखक पार्थ सर. लेखक! बरं. पान सत्तावीस काढतो. 'युज्ड टु'. पूर्वी असायचं, आता न्हाई, ते कसं बोलायचं त्याची दहा वाक्यं. वाचू? सर्जेराव युज्ड टु कम ऑन अ बायसिकल. कोण हो हा सर्जेराव? तुमचा कोण लागतो? माझा चुलता हाये तो, आष्टीचा, सायकलवर यायचा बटनं घेऊन. पुढचं — दैवशाला युज्ड टु सिंग व्हाइल मेकिंग बटनहोल्स. दैवशाला माझी बायको हाये, सर. काज करताना गायची. तुमच्या पुस्तकात येऊन गाऊन राह्यली, तिला पत्ता न्हाई. आन् हे तर कळस हाये — अवर गोट युज्ड टु ईट चॉक. वर चित्र काढलंय तुम्ही, शेळी आन् फळा! अहो, फळ्यावरचा खडू न्हाई तो, हा — हा चपटा, कापडावर रेघ मारायचा. शेळी इथं दाराशी बांधलेली असायची, जीभ लांब करून मशीनवरचा खडू ओढायची. चोरायचं तर निदान समजून तरी चोरायचं.

दोन दिवसांसाठी म्हणून नेली होती माझी इंग्रजी वाक्यांची वही. 'काका, दोन दिवस.' बारावीचा पेपर होता तुमचा, फेब्रुवारी होता. बारा वर्षं झाली त्या दोन दिवसांना.

तुम्हाला काय वाटलं, टेलरची वही, कोण विचारतंय? सातवी शिकलेला मी. पोरगी पहिलीत गेली तेव्हा डिक्शनरी आणली जुन्या बाजारातून, म्हणलं तिच्या संगं आपण शिकू, तिच्या एक पाऊल पुढं राहू. दुपारी गिऱ्हाईक नसलं की लिहायचं. एक पान, वाक्याची एक चाल, दहा वाक्यं. आन् खोटं वाक्य एक न्हाई! गाईडात काय असतं — राम आंबा खातो. कोण राम, कुठला आंबा? ध्यानात कसं राहणार? आपल्या घरातलं लिहायचं, दुकानातलं लिहायचं, जे झालं तेच लिहायचं, म्हंजे पुसलं जात न्हाई. हे बी तुम्ही तुमच्या प्रस्तावनेत लिहिलंय, माझ्याच शब्दांत. वाचलं मी. बराबर उतरवलंय.

पण ते जाऊ द्या. त्याच्यासाठी तुम्हाला लुंगीत बसवलं न्हाई मी. दहावं वाक्य वाचा. वाचा की मोठ्यानं. आता माडीवर साठ पोरांकडून एका सुरात वाचून घ्याल ना? मंग माझ्यापुढं काय झालं? न्हाई? मी वाचतो. आय युज्ड टु हॅव अ डॉटर. हर नेम वॉज रूपाली. मला एक मुलगी होती. तिचं नाव रूपाली होतं.

मेली? न्हाई हो! मेली कशानं? तुम्हीच विचारता, बघा, म्हंजे वाचणाऱ्या पोरांना तेच वाटत असणार. जित्ती हाये चांगली. शहागडला असती, पुलाच्या अलीकडं नवऱ्याचं टायरचं दुकान हाये. मिथुन नाव. पोरगा आपल्यातलाच, निर्व्यसनी, मीच विहारात थाटात लग्न लावून दिलं असतं — पण बी.ए. पुरं केल्यावर! इंग्रजी घेतलं होतं तिनं. दुसऱ्या वर्षाला होती. दिवाळीच्या सुट्टीत घरी आली आन् म्हणाली, बाबा, मला पुढं शिकायचं न्हाई, मला इंग्रजी आवडतच न्हाई, तुम्हाला आवडतं म्हणून शिकत होते. असं म्हणाली. तेरा वर्षं मी तिच्या एक पाऊल पुढं राहायला डोळे फोडले, आन् ती म्हणती तुम्हाला आवडतं म्हणून. आठ दिवसांनी गेली त्याच्यासंगं. चिठ्ठी मराठीत लिहिली होती.

मंग मी लिहिलं. घरात मराठीत लिहिलं असतं तर दैवशालानं वाचलं असतं. इंग्रजी कोण वाचतंय? इंग्रजीत माणूस काहीबी लिहू शकतो, घरातल्यांना आवाज जात न्हाई.

आता ऐका पुढं. तुमची शाखा शहागडलाबी हाये, हाये ना? तिथं पाचवीच्या पोरी हाहेत, त्यात एक पायल हाये. माझी नात. मी बघितली न्हाई अजून. दैवशालाच्या फोनात फोटो हाहेत — दैवशाला बोलती तिच्याशी चोरून, मला माहीत न्हाई असं तिला वाटतं. गेल्या आठवड्यात दैवशाला म्हणाली, शनिवारी रूपाली येऊन राह्यली, पोरीला घेऊन. मी न्हाई म्हणलो न्हाई, एवढं कळलं तिला. वाकळा उन्हात टाकल्या तिनं. मी — मी एक फ्रॉक बेतला, फोटोवरून अंदाजानं, छातीला दोन बोटं जास्त धरली. आन् शुक्रवारी ती पोरगी पुस्तक घेऊन आईकडं गेली, हसत हसत — मम्मी, पुस्तकात तुझं नाव हाये, आजीचंबी हाये. रूपालीनं वाचलं. बराबर वाचलं असणार, दीड वर्ष तरी शिकलीच होती. दैवशालाला फोन केला — आई, बाबांनी बारा वर्षांनी छापून आणलं, पोरीच्या दप्तरात घालून पाठवलं, आता मी येत न्हाई. तिला वाटतं मी छापलं! समजलं का? माझ्या वाक्यावर तुमचा फोटो हाये, तरी तिला वाटतं मी. चार दिवस झाले, दैवशाला ताट ठेवती आन् पाठ फिरवती.

म्हणून तुम्ही सांगायचं तिला. माफी बिफी मला नको. शहागडला जायचं, तिच्या दारात उभं राहायचं आन् सांगायचं — मी चोर हाये, वही बारा वर्षं माझ्याकडं होती, तुमच्या बापाला काही पत्ता न्हाई. आन् हेबी सांगायचं, की वही जर इथं असती तर त्यानं ते वाक्य खोडलं असतं. दुसऱ्याच दिवशी खोडलं असतं! रागात लिहिलेलं, राग किती टिकतो माणसाचा? खोडायला वहीच न्हाई तर मी —

काय म्हणलात?

दिवाळी ते फेब्रुवारी... हां, ते लिहिल्यावर तीन महिने होती वही इथं. मंग? कामं असतात माणसाला, लग्नसराई होती. रोज काय कोणी मागची पानं उलटून — काय? मी? मी पाठ करून घेतलं तुझ्याकडून? हे वाक्य? त्या फळीवर बसवून? खोटं बोलू नको पार्थ... एकदा? चार वेळा? 'डॉटर'चा उच्चार न्हाई जमला म्हणून परत म्हणायला लावलं?

असंल. घेतलं असंल. तेव्हा मला ते वाक्य बराबर वाटत होतं.

म्हणून काय तू सुटलास? मी शिकवलं तर तुला, एकट्याला. सगळ्या जिल्ह्याला न्हाई शिकवलं. आन् नाव बदलायला काय झालं होतं? रूपालीच्या जागी कुणाचंबी नाव घालायचं, तेवढी अक्कल — काय शोधून राह्यला त्या मोबाइलमधी? पालकांच्या ग्रुपात? पायलची मम्मी... म्हंजे नंबर हाये तुझ्याकडं. आत्ता लावतोस? थांब. थांब, दोरा तोडू दे. आधी ठरवू काय बोलायचं ते. तू म्हणायचं, मी वाटूरहून बोलतोय — न्हाई, वाटूर म्हणू नको. आधी पायलच्या अभ्यासाचं काढ, मंग — लागला? आवाज बाहेर कशाला सोडला? कानाला धर ना तुझ्या! माझ्यापुढं काय करतोस...

तीच हाये. 'हॅलो सर' म्हणाली. घसा बसलाय तिचा. ओवा चघळ म्हणावं. न्हाई, म्हणू नको. तू बोल. सांग ना, चोरली म्हणून सांग. मी न्हाई. मी काय सांगू तिला, लिहिलं न्हाई म्हणू? लिहिलंय मी. शिकवलंबी. 'कोण हाये तिथं' विचारून राह्यली — कोणी न्हाई म्हण. बंद कर तो. बंद कर म्हणतो ना!

घ्या. घ्या तुमची प्यांट. झाली शिवण. लुंगी टाका तिथंच. पैसे नकोत, ठेवा खिशात, ठेवा म्हणतो. तो फोन वाजून राह्यला, ती परत लावत असंल — बाहेर जाऊन उचला. माझ्या दुकानात न्हाई. काय बघता? दुकान बंद करायचंय मला. सव्वाअकराच वाजले म्हणून काय झालं? बंद म्हंजे बंद. निघा.