काचेवरचं पहिलं नाव

सत्त्याण्णव साली, इंदूरहून उज्जैनला येणाऱ्या बसमध्ये, डॉ. श्रुती मुजुमदारच्या पुढच्या सीटवर दोन उतारवयाचे मित्र बोलत होते. तिचे डोळे मिटत होते, पण कान जागे राहिले.

“आल्हादराव, तीस साल ब्रशने पाट्या रंगवून आता त्या दुकानातल्या पोरीकडे रेडियमच्या स्टिकरचं काम शिकताय?”

“शिकतोय, बापू. अक्षरं मशीन कापते, आजूबाजूचं फालतू रेडियम आपण सोलायचं. पहिल्या दिवशी मी अख्खा ‘म’च सोलून फेकला.”

“हसली असेल ती.”

“हसली. मग म्हणाली, काका, फिर से. आठव्यांदा जमलं.”

“आणि चिकटवणं?”

“काचेवर साबणाचं पाणी मारायचं, म्हणजे अक्षर सरकवून नीट बसवता येतं. मग पट्टीने पाणी दाबून काढायचं. उद्या पहिलं काम आहे. माधव नगरात दातांच्या नव्या डॉक्टरीणबाई आहेत, मुजुमदार. त्यांच्या मिस्टरांनी दवाखान्याच्या काचेवर नाव टाकायची ऑर्डर दिली.”

“पहिलंच काम आहे, हे सांगितलं त्यांना?”

“विचारलं तर सांगीन.”

श्रुती पुढे वाकली. “काका, मुजुमदार मीच. पहिलंच काम आहे का तुमचं?”

बापू खिडकीबाहेर बघू लागले. आल्हादराव मात्र पूर्ण वळून बसले.

“हो, बाई. तुम्ही पहिला दात कुणाचा काढलात?”

“एका बस कंडक्टरचा.”

“दुखलं त्याला?”

“थोडं दुखलं.”

“काचेला तेवढंही दुखणार नाही. सकाळी नऊला येतो.”