नॉर्मलताई

—अरे त्या खुर्चीवर नको, ती मागे कलते, परवा आमचे साहेब उताणे पडले—ह्या स्टुलावर बस. बाही वर कर. थोडंसं रक्त, संपलं. एका पोरीचा बाप तू, आणि सुईला घाबरतोस? कशासाठी म्हणजे? फोनवर सांगितलं ना, आजाऱ्याच्या रक्ताशेजारी ठेवून बघायला लॅबला निरोगी माणसाचं रक्त लागतं, त्याला ‘नॉर्मल’ म्हणतात. आजवर माझंच चालायचं. माझ्या शिरा दोरीसारख्या, म्हणून इथे मला सगळे नॉर्मलताईच म्हणतात—‘नॉर्मलताई, पेशंट आलाय’ अशी हाक आली की मी निघाले हात पुढे करून. मग आता तुझं का? तू लहानपणापासून असाच रे, एक सांगितलं की तीन विचारणार.

बरं, ऐक. रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे राखणदार, एवढं माहीत आहे ना? आता डोळ्याच्या पेशीत, कातडीच्या पेशीत, रक्ताच्या पेशीत जनुकं तीच. मग एक डोळा आणि एक रक्त का? कोणतं जनुक चालू, कोणतं बंद, ह्यामुळे. आणि ते ठरवतं कोण? ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर—प्रोटीनच असतं ते, जनुकाजवळ जाऊन चिकटतं आणि त्याला कामाला लावतं. मोठ्या काकू आठवतात? फडताळात सगळं सामान, पण काकू म्हणतील तेव्हाच चूल पेटणार. काकू माहेरी गेल्या की घर उपाशी. तसंच हे. हाडांतल्या मगजात, बोन मॅरोत, नव्या पेशी घडतात. तिथला असा एक फॅक्टर निम्माच असला, तर मोनोसाइट नावाचे राखणदार घडतच नाहीत. आडात सगळं आहे, पण पोहऱ्यात येत नाही. निम्मा कसा? जनुकाच्या दोन प्रती, एक आईची, एक वडलांची. एक बिघडली की उरला निम्मा—

तर इथे नवी डॉक्टरीण आली, तिने एका पेशंटचं रक्त माझ्या रक्ताशेजारी ठेवून बघितलं. म्हणाली, तुमच्या पेशंटमध्ये मोनोसाइट नाहीत आणि तुमच्या नॉर्मलमध्येही नाहीत. इतकी वर्षं आम्ही दुसऱ्याच पेशी बघत होतो ना. झालं! पेशी रंगवायचा रंग बदलला, मशीन उघडलं, मेकॅनिक त्यात डोकं घालून बसला. काखेत कळसा नि गावाला वळसा. शेवटी तिने स्वतःचं रक्त घातलं. मशीन ठणठणीत. मग? मग काय, बिघडलेली मीच. हसलास तरी चालेल, इथेही सगळे हसले, मग मला बसायला स्टूल दिलं. अरे, असं बघू नकोस, लगेच मरत नाहीये मी. मगज नवा घालावा लागेल म्हणतात. परक्याचाही चालतो, पण सख्ख्या भावाचा जुळला तर सोनंच. हो, तुझाच. आज विचारणार नव्हते, रक्त बघून मग विचारणार होते—बोलून बसले. फक्त तुझं जनुक चांगलं हवं. बाबांकडून आलंय हे बहुतेक. ते छातीच्या दुखण्याने गेले, आणि आपण विडीला शिव्या देत बसलो. मला आलं म्हणून तुला येईलच असं नाही, छापा की काटा. मला भीती वाटते रे. माझ्यासाठी नाही एवढी—बरं, माझ्यासाठीच.

ह्या हाताला शीर सापडत नाही, तो दे. खिशातून काढ की. उलटा कर—हे काय? चामखिळी? बोटं भरलीयत तुझी. कधीपासून? जाळल्या तरी परत येतात? नाही, वाईट दिसतात म्हणून नाही विचारत. राखणदार कमी पडले की त्या अशा पसरतात. बाबाही हात खिशातच ठेवायचे, मला वाटायचं रुबाब आहे. माझ्या तळपायाला आहेत. नाही, नक्की काहीच नाही, रक्त बघितल्याशिवाय नक्की काही नसतं, मी रोज लोकांना सांगते हे. चामखिळी काय, कुणालाही होतात. सुई टोचतेय. हलू नकोस. मगजाचं विसर आता, परक्याचा बघू—दोघांसाठी बघू. झालं, कापूस दाबून धर. आणि एक सांग, तुझ्या लेकीच्या हाताला असं काही—गुडघ्याला? दोन्ही?

बरं. बरं. उठ आता. उद्या तिला घेऊन ये, शाळा बुडाली तर बुडाली. सांग, आत्याने बोलावलंय. सुईचं बोलू नकोस. जा.